आयपॅडची नोंद मॅक म्हणून होत होती: माझा अनुभव

आमच्या संकेतस्थळाच्या नोंदींत आयपॅड जवळजवळ दिसतच नव्हते आणि त्या वाचकांना बोटाने हाताळायच्या पानाऐवजी संगणकाचे पान मिळत होते. युजर-एजंटमधील (ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत स्वतःची ओळख सांगणारी जी मजकूर-ओळ पाठवतो, तिच्यातील) ‘आयपॅड’ हा शब्द शोधून पाहिला, उपकरणाची ओळख पटवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) अद्ययावत केली, आवृत्ती क्रमांकही तपासले. उपयोग झाला नाही. दोन दिवस वाया गेल्याने मी अगदी वैतागलो होतो.

कारण असे की २०१९ च्या आयपॅडओएस १३ या आयपॅडच्या कार्यप्रणालीपासून तिथला सफारी ब्राउझर मुळातच संगणकाची पाने मागतो आणि स्वतःची ओळख ‘मॅकिंटॉश’ (म्हणजे मॅक संगणक) अशी देतो. त्यामुळे केवळ सर्व्हरवर ती मजकूर-ओळ वाचून हा भेद कळणे शक्यच नाही.

यशस्वी ठरलेला क्रम असा: प्रथम ‘आयपॅड’ शब्द तपासावा, कारण जुनी उपकरणे तो अजूनही पाठवतात. तो नसेल आणि ‘मॅकिंटॉश’ असेल, तर पानावरील जावास्क्रिप्टमधून नॅव्हिगेटर या ब्राउझरची माहिती देणाऱ्या ऑब्जेक्टचा ‘मॅक्स टच पॉइंट्स’ (पडदा एकाच वेळी किती स्पर्श ओळखतो) हा गुणधर्म वाचावा. मॅकवर तो ० येतो, आयपॅडवर ५. मी १ पेक्षा अधिक ही अट ठेवली. शेवटी हा निष्कर्ष कुकीत (ब्राउझर जपून ठेवतो आणि पुढच्या विनंतीसोबत पाठवतो त्या छोट्या नोंदीत) साठवावा, म्हणजे पुढच्या विनंतीपासून सर्व्हर योग्य पान पाठवतो.