क्लाउड पार्टनर आणि मार्केटप्लेस : या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने असोत की होटगी रोडवरचे दवाखाने, क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरचं बिल फुगलं की मला फोन येतो. मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अण्णा, हे अ‍ॅमेझॉनकडूनच घेतलंय ना?"

तसं नसतं. आपल्या मार्केट यार्डात कांदा शेतकऱ्याचा, आवार बाजार समितीचं आणि मधे अडत्या. क्लाउडच्या बाजारातही असेच तिघं असतात : सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, बाजार चालवणारं एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, आणि मधे पार्टनर, म्हणजे आपल्याला ते लावून देणारी कंपनी. 2012 साली सुरू झालेल्या एडब्ल्यूएस मार्केटप्लेसवर बहुतेक सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपन्यांचं असतं. एडब्ल्यूएस विकणाऱ्याकडून आपला हिस्सा कापून घेतं. मायक्रोसॉफ्टने आपल्या मार्केटप्लेसवरचा हाच हिस्सा 2021 मध्ये 20 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. खर्च क्लाउडच्याच बिलात येतो, म्हणून लोकांना सगळं एकाच दुकानातलं वाटतं. पण सॉफ्टवेअर बिघडलं तर तक्रार ते बनवणाऱ्याकडेच करावी लागते. तेव्हा विकत घेण्याआधी मी त्यांच्या सपोर्टला एक साधा प्रश्न मेल करतो. दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर ते सॉफ्टवेअर मी घेत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. खातं कुणाच्या ईमेलवर आहे, हे कुणी विचारतच नाही.

एका टॉवेल निर्यातदाराचं ऑर्डर आणि सुताच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर क्लाउडवर होतं. बाहेरगावच्या एका पार्टनर कंपनीने खातं उघडून दिलं, तेही स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या एकत्रित बिलाखाली, म्हणजे पार्टनरच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या खात्यांचं मिळून एकच बिल. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग दरावरून वाजलं. मालक म्हणाले, "आम्ही दुसरीकडे जातो." तेव्हा कळलं की रूट युजरचा, म्हणजे खात्याच्या मूळ मालकी लॉगिनचा पासवर्ड बदलायची लिंक पार्टनरच्याच मेलबॉक्सात जाते. ज्या मुलाने खातं उघडलं होतं, तो नोकरी सोडून गेलेला. बॅकअपही त्याच खात्यात. "आधी बाकी चुकती करा" यावर पार्टनर अडून बसला. अकरा दिवस मी आणि त्यांचे मुनीम रोज फोन करत होतो, आणि तिकडे पॅकिंग लिस्ट हाताने लिहून कंटेनर भरत होते. शेवटी ईमेल बदलून मिळाला, तरी काम संपलं नाही. एकत्रित बिलातून बाहेर पडायला खात्यावर स्वतःचं कार्ड, पत्ता आणि पडताळलेला फोन नंबर लागतो. त्यात आणखी एक दिवस गेला.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला आहे. रूटचा ईमेल कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनवरचा घ्यायचा, मालकाच्या पुतण्याचा जीमेल चालणार नाही. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीची किल्ली मालकाच्या तिजोरीत ठेवायची. पार्टनरला कामापुरता वेगळा आयएएम रोल, म्हणजे मर्यादित परवानगी द्यायची, म्हणजे सोडचिठ्ठीच्या दिवशी तो काढून टाकता येतो. काही करारांत रूट पार्टनरकडेच राहील अशी अट असते. अशा वेळी खातं किती दिवसांत सोपवणार, ते सही करण्याआधी लिहून घ्या. "आधी चालू करा, कागद नंतर बघू" म्हणणाऱ्यांचं काम मी हातात घेत नाही.

दुसरी चूक फ्री ट्रायलची. नवशिकी पोरं दर न वाचताच अटी मान्य करून मोकळी होतात. किमतीच्या पानावर दोन आकडे असतात, एक सॉफ्टवेअरचा आणि एक मशीनचा, म्हणजे भाड्याच्या कॉम्प्युटरचा. ट्रायलमध्ये फुकट असतं ते सॉफ्टवेअर. मशीनचं आणि डिस्कचं भाडं पहिल्या तासापासून लागतं. मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यालाही (पब्लिक आयपीव्ही4) 1 फेब्रुवारी 2024 पासून तासाला 0.005 डॉलर पडतात. मशीन नुसती थांबवली तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. मशीन कायमची काढली म्हणून वार्षिक करार रद्द होत नाही, तो वेगळा बघावा लागतो. ताशी दराच्या सॉफ्टवेअरची ट्रायल संपली की पैसे आपोआप लागू होतात. मी ट्रायल घेतो त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी लाल खूण करतो आणि एडब्ल्यूएस बजेट्सचा, म्हणजे खर्च ठरावीक रकमेवर गेला की कळवणारा इशारा लावतो. इशारा लावायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढाही धीर नसेल तर ट्रायल घेऊ नये.

फुकट मिळालेल्या प्रमोशनल क्रेडिटमधून मार्केटप्लेसचं सॉफ्टवेअर भागेल असं धरून चालू नका, ते सहसा त्यातून वळतं होत नाही.

तयार इमेज, म्हणजे सॉफ्टवेअर आधीच भरलेली मशीन चालू करताना पोर्ट 22, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायचा दरवाजा, साऱ्या जगाला उघडा ठेवू नका.

रीजन, म्हणजे मशीन ज्या भागात चालते तो, मुंबई आहे का, ते दर वेळी बघा.

व्हिजिटिंग कार्डावर "मायक्रोसॉफ्ट गोल्ड पार्टनर" दिसलं तर थांबा. गोल्ड आणि सिल्व्हर हे दर्जे ऑक्टोबर 2022 मध्येच बंद झाले, आता "सोल्यूशन्स पार्टनर" असतं. एडब्ल्यूएसकडे सेवा देणाऱ्यांचे सिलेक्ट, अ‍ॅडव्हान्स्ड आणि प्रीमियर असे दर्जे आहेत. मायक्रोसॉफ्ट किंवा एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या पार्टनर यादीत नाव शोधा. आणि हेही लक्षात घ्या की दर्जा पार्टनर कंपनीला मिळतो. तुमच्याकडे कोणता माणूस येणार, ते वेगळं विचारावं लागतं.

पार्टनरमार्फत मायक्रोसॉफ्टचं वार्षिक सबस्क्रिप्शन घेतलं तर रद्द करायला 7 दिवस मिळतात. त्यानंतर वर्षभर अडकता. एका ऑफिसने संक्रांतीच्या आदल्या दिवशी 15 ऐवजी 25 लायसन्स घेतली. गड्ड्याच्या जत्रेच्या धामधुमीत बिल कुणी उघडलं नाही. आठव्या दिवशी मला फोन आला, तोवर मुदत टळून गेली होती.