स्वादुपिंडाचा कॅन्सर: किमो-रेडिएशन सुरू व्हायच्या आधीची तयारी

किमो आणि रेडिएशन एकत्र द्यायचं ठरलं की घरचे सगळे मशीनला घाबरतात, पण शेक (म्हणजे रेडिएशन) घेताना काही दुखत नाही, खरी लढाई वजनाची असते, म्हणून तयारी स्वयंपाकघरापासून करा. आजपासून दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. स्वादुपिंड नीट काम करत नसेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, संडास तेलकट, खूप वासाची होते, तसं असेल तर डॉक्टरांना एन्झाइमच्या (अन्न पचवायला मदत करणाऱ्या) कॅप्सूलबद्दल नक्की विचारा, आणि त्या जेवण झाल्यावर नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही! तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, मऊ भात, मुगाची खिचडी, अंडं, पनीर, जे पोटात राहील ते. शुगर असेल तर ग्लुकोमीटर घरात हवाच.

शेक साधारण साडेपाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज असतो (बऱ्याच ठिकाणी 28 वेळा, एकूण 50.4 ग्रे, ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), त्यामुळे रोज कोण नेणार ते आत्ताच ठरवा, बाहेरगावाहून येणार असाल तर राहायची सोय, धर्मशाळेची चिठ्ठी, आणि महात्मा फुले योजनेसाठी आधार, रेशनकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट एका फाईलमध्ये. आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो, म्हणजे शेक नेमका कुठे द्यायचा ते ठरवायला, त्याला उपाशीपोटी यायचं का ते विचारून घ्या आणि पुढे रोज तसंच पाळा, कारण पोट भरलेलं की रिकामं यावर आतली जागा हलते. शेकासाठी अंगावर केलेल्या खुणा घासू नका.

सोबत बहुतेक वेळा किमोच्या, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतात, डोस कमी असतो पण त्या शेकाचा परिणाम वाढवतात, म्हणून हलक्यात घेऊ नका. सकाळ-संध्याकाळ, खाल्ल्यावर अर्ध्या तासात, आणि चुकली तर पुढच्या वेळी डबल अजिबात नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, फॉलिक ॲसिड, काढे, जडीबुटी काही घेत असाल तर तेही लपवू नका प्लीज.

कावीळीसाठी स्टेंट (पित्ताची वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकलेला असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं, थंडी वाजून ताप आला, 100.4 च्या वर गेला, की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, स्टेंट तुंबून इन्फेक्शन झालेलं असू शकतं, रात्रीच निघायचं. त्यासाठी रात्री फोन कुठे करायचा ते आधीच विचारून घ्या आणि स्टेंटची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.