स्कोलिन, रॉक, वेक की ॲट्रा: निवड उतरण्यावरून करा

स्नायू शिथिल करणारं औषध निवडताना नवे रेसिडेंट आधी बघतात ते श्वासनलिकेत नळी किती लवकर घालता येईल. पण घोळ होतो तो बहुधा औषध उतरताना. म्हणून ते शरीरातून कसं जाणार, हे आधी बघा.

पोट भरलेलं असेल तर उलटी फुफ्फुसात जायच्या आत नळी जायला हवी, म्हणून पर्याय दोनच. स्कोलिन (सक्सिनिलकोलिन) 1 ते 1.5 मि.ग्रॅ./किलो द्या, मिनिटभरात नळी जाते, 5-10 मिनिटांत परिणाम ओसरतो. प्लाझ्मातलं कोलिनएस्टरेज त्याला मोडतं. कीटकनाशक प्यालेल्या पेशंटमध्ये नेमकं हेच एन्झाइम बंद पडलेलं असतं, आणि पाच मिनिटांचं औषध तासन्‌तास रेंगाळतं. खेड्यापाड्यातून येणाऱ्या केसमध्ये हे विसरून चालत नाही. भाजून दोन दिवस उलटले असतील, पाय लुळे पडले असतील, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार) असेल किंवा घरात मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भुलीच्या औषधांनी ताप भडकणाऱ्या विकाराचा) इतिहास असेल तर स्कोलिनला हातच लावू नका. पहिल्या तिन्हींत पोटॅशियम एकदम चढून हृदय थांबू शकतं.

मग उरतं रोक्युरोनियम (रॉक), 1.2 मि.ग्रॅ./किलो. 60 किलोला 72 मि.ग्रॅ. होतात, 50 च्या व्हायल असतील तर दोन आधीच भरून ठेवा. परिणाम तासाहून जास्त राहतो. नळी गेली नाही तर रॉकचा परिणाम उलटवणारं सुगामाडेक्स आहे म्हणतात खरं, पण तातडीचा डोस 16 मि.ग्रॅ./किलो, म्हणजे 960 मि.ग्रॅ.: 200 च्या पाच व्हायल. त्या कपाटात आहेत का, हे आधी बघा.

साध्या, ठरलेल्या केसला ॲट्राक्युरियम (ॲट्रा) 0.5 किंवा वेक्युरोनियम (वेक) 0.1 मि.ग्रॅ./किलो, दोन्हींना सुमारे तीन मिनिटं थांबा, घाईत नळी घातलीत तर पेशंट खोकतो. किडनी निकामी असेल तर ॲट्रा, कारण ते मुख्यतः रक्तातच आपोआप मोडतं. वेक मोडून तयार होणारा सक्रिय अंश मात्र साचत जातो. दमेकऱ्याला ॲट्रा टाळा. इतरांनाही सावकाश द्या, नाहीतर हिस्टामिन सुटून अंग लाल होतं आणि बीपी उतरतं. ॲम्प्युल फ्रिजमध्येच ठेवा. थायोपेंटोन या भुलीच्या औषधानंतर लाइन धुतल्याशिवाय वेक सोडू नका, आतच गाळ धरतो.

रिव्हर्सल, म्हणजे शिथिलता उलटवणारं औषध, घड्याळ बघून देऊ नका. मनगटाजवळ अल्नर नर्व्हवर विजेचे लागोपाठ चार झटके देणारा स्टिम्युलेटर लावा आणि अंगठा किती वेळा हलतो ते बघा. चारही झटके दिसू लागल्यावर निओस्टिग्मिन 0.05 मि.ग्रॅ./किलो, कमाल 5 मि.ग्रॅ., आणि त्यातल्या प्रत्येक मि.ग्रॅ.मागे नाडी मंदावू नये म्हणून ग्लायकोपायरोलेट 0.2 मि.ग्रॅ. पूर्ण ब्लॉकवर, म्हणजे एकही झटका दिसत नसताना, निओस्टिग्मिन ओतून काही साधत नाही. नळी काढायची ती चौथा झटका पहिल्याच्या निदान 90 टक्के असेल तेव्हाच. हे डोळ्यांनी कळत नाही, मोजणारं यंत्र लागतं. पेशंटने पाच सेकंद डोकं उचललं यावर भिस्त ठेवू नका. सुगामाडेक्स फक्त रॉक-वेकवर चालतं, ॲट्रावर नाही. मॅग्नेशियम चालू असेल, जेंटामायसिन दिलं असेल किंवा पेशंट गार पडला असेल तर ब्लॉक लांबतो.

शेवटी कॅन्युला आणि थ्री-वे (तिला जोडलेली तीन तोंडांची चावी) सलाइनने धुवा, नळी अजून आत असतानाच. तिथे अडकलेलं अर्धा मिली ॲट्रा रिकव्हरीतल्या पहिल्या इंजेक्शनबरोबर आत जातं आणि पेशंटचा श्वास पुन्हा थांबतो.