उलटा पडलेला लाइफ राफ्ट सरळ कसा करावा

जहाजावरून पाण्यात टाकलेला लाइफ राफ्ट, म्हणजे जीव वाचवण्यासाठीचा फुगणारा तराफा, फुगताना कधीकधी उताणा व्हायच्या ऐवजी पालथाच पडतो. छत पाण्याखाली, तळ आभाळाकडे. घडी करून ठेवायच्या डब्यासकट १८५ किलोपर्यंत भरणारं हे धूड पाहून वाटतं, चारपाच जण लागतील. पण एकट्या माणसाला तो पालथ्याचा सरळ करता यावा, अशी आंतरराष्ट्रीय नियमांचीच अट आहे. निम्मी ताकद वाऱ्याची असते.

आधी लाइफजॅकेट घट्ट आवळा. खिशातल्या टोकदार वस्तू दुसऱ्याकडे द्या, बाकीच्यांना बाजूला थांबायला सांगा.

मग राफ्ट फुगवणारा गॅसचा सिलिंडर शोधा. तो राफ्टच्या एका कडेला असतो. पोहत, ओढत राफ्ट असा फिरवा की सिलिंडर तुमच्याकडे येईल आणि वारा पलीकडून, राफ्टवरून, थेट तुमच्या तोंडावर लागेल. यात घाई करू नका. वारा पाठीमागून असेल तर तो राफ्ट परत खाली दाबतो आणि तुम्ही उगाच दमता.

आता तळावरचे पट्टे धरून वर चढा, पाय सिलिंडरजवळच्या कडेवर रोवा, उभे राहा आणि अंग ताठ ठेवून मागे झोकून द्या. पलीकडची कड जरा उचलली की तिच्याखाली वारा शिरतो. त्यानंतर राफ्ट इतक्या झटक्यात येतो की बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. तो तुमच्या अंगावर पडणार, हे धरूनच चाला.

हे शिकवणाऱ्या कोर्सला तलावात मी इथेच गडबडलो होतो. पालथा पोहत बाहेर पडायला गेलो, तर लाइफजॅकेटने मला वर तळाला चिकटवून टाकलं. खरं तर तळ मऊ असतो. दोन्ही हातांनी वर ढकलला की तोंडापुरती हवेची पोकळी होते. श्वास घ्या, उताणे व्हा, तोंड वर ठेवून हातांनी तळ मागे सारत बाहेर या. एक हात मात्र राफ्टच्या दोराला हवाच. रिकामा राफ्ट वाऱ्याबरोबर जो निघतो, तो पोहून गाठता येत नाही.

सगळे आत आले की जहाजाला बांधलेला दोर कापा, सी अँकर (राफ्टचं वाहत जाणं कमी करणारी, पाण्यात सोडायची कापडी छत्री) सोडा, दारं बंद करा. आत पाणी साचलेलं असेलच. उपसायचं भांडं आणि स्पंज राफ्टच्या सामानात असतात.