अट मुलाने मोडली, की अटच चुकली? प्रोबेशनवरच्या मुलांसोबत काम करताना या चुका टाळा

गुन्ह्यात सापडलेल्या १८ खालच्या मुलांची प्रकरणं चालवणारं बाल न्याय मंडळ मुलाला प्रोबेशनवर, म्हणजे अटी घालून देखरेखीखाली, सोडतं. दोन-तीन महिन्यांत फाइलवर शेरा पडतो, ‘बालक हजर राहत नाही, सहकार्य करत नाही.’ मग घरचे मुलाला बोलतात, अधिकारी घरच्यांना, आणि मंडळ सगळ्यांनाच. पण असे शेरे नीट उकलून बघितले, तर मुलाच्या वागण्याआधी आपली आखणीच कच्ची होती असं बऱ्याचदा दिसतं. नव्याने रुजू झालेले परिविक्षा अधिकारी (म्हणजे प्रोबेशन अधिकारी; मुलाच्या घरची चौकशी आणि पुढची देखरेख यांच्याकडे), संस्थांचे केसवर्कर आणि अशा मुलाचा ताबा घेतलेले काका-मामा यांना समोर ठेवून हे लिहितो आहे.

कायद्याची चौकट आधी दोन वाक्यांत. १५ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ मध्ये मंडळाला समज देऊन घरी पाठवण्यापासून दोषी ठरलेल्या मुलांसाठीच्या विशेष गृहात ठेवण्यापर्यंत बरेच पर्याय दिलेले आहेत. त्यातलं प्रोबेशन म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालक, योग्य व्यक्ती किंवा योग्य संस्थेच्या देखरेखीखाली सोडणं, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. शिवाय कलम १२ खाली जामिनावर असतानाही मुलाला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवता येतं. गुन्ह्याच्या वेळी १८ पूर्ण असलेल्यांचा रस्ता वेगळा, १९५८ च्या परिविक्षा कायद्याचा. त्याबद्दल इथे बोलत नाही.

साच्यातला अहवाल

पहिली चूक इथेच होते आणि पुढच्या निम्म्या चुका तिच्यातून निघतात. मुलाला पहिल्यांदा मंडळापुढे हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याला सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरादाराची आणि परिस्थितीची माहिती, द्यायचा असतो. हातात ढीगभर केसेस, जिल्हा मोठा, गाडी मिळेल तेव्हा. मग जुन्या अहवालातला मजकूर नाव बदलून उतरतो:

‘घरची आर्थिक परिस्थिती बेताची. वडील व्यसनी. पालकांचे दुर्लक्ष व वाईट संगत यामुळे बालक गुन्ह्याकडे वळला. सुधारण्याची संधी द्यावी ही विनंती.’

यात खोटं काही नसेलही, पण हा मजकूर शंभर मुलांना लागू होतो, म्हणून तो एकाही मुलाच्या उपयोगाचा नाही. आता गाडीचोरीच्या अशाच एखाद्या प्रकरणात घरी तासभर बसून आलेल्या माणसाने काय लिहिलं असतं ते बघा:

‘वडील रात्रपाळीचे वॉचमन, सकाळी ८ ला येऊन झोपतात. आई पहाटे साडेपाचला भाजी मार्केटला जाते, दुपारी २ ला परतते. धाकटी बहीण ४ वर्षांची, सकाळभर तिला हाच सांभाळतो. सकाळची शाळा त्यामुळेच सुटली. गाडी चोरताना बरोबर असलेला दुसरा मुलगा २२ वर्षांचा, त्याच गल्लीतला. संध्याकाळी ६ ते १० मुलगा त्याच्याच टपरीवर असतो. मामा पुढच्या स्टॉपवर राहतात, त्यांचं घर पाहिलं, ते ठेवून घ्यायला तयार आहेत.’

या दुसऱ्या मजकुरातून उपाय आपोआप दिसतात: बहिणीसाठी अंगणवाडी, मुलासाठी दुपारची शाळा, संध्याकाळचे ते चार तास, आणि मामा. मंडळाला अट घालायची झाली तर ती कुठे घालायची हेही कळतं. घरभेटीत दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा: मुलाचा कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासाने विचारून घ्या. ‘तुझा दिनक्रम सांग’ म्हटलं की मुलं शाळेतल्या निबंधासारखं उत्तर देतात. ‘काल उठलास कितीला? घरात कोण होतं? मग कुठे गेलास?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

दिवसात न बसणाऱ्या अटी

दर सोमवारी सकाळी ११ वाजता पालकासह हजेरी. कागदावर अट साधी दिसते. जुन्नर किंवा इंदापूरच्या आईला ती येरवड्याला येऊन पाळायची असेल, तर एसटीचं दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि रोजंदारीचा खाडा, असा दर आठवड्याचा दुहेरी मार असतो. पहिले तीन सोमवार ती येते. चौथ्याला मुकादम म्हणतो, उद्यापासून येऊ नको. पाचव्या सोमवारी फाइलवर ‘गैरहजर’ लागतं.

याची जाण कायद्याला आहे, आपल्याला बऱ्याचदा नसते. कलम १२ मध्येच तरतूद आहे की जामिनाच्या अटी मुलाला ७ दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी त्याला मंडळापुढे आणायचं. म्हणजे पाळता न आलेली अट दुरुस्त करायची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. तरी आपण ती कमी वापरतो. ‘मंडळाने सांगितलंय, मी काय करणार’ हे वाक्य परिविक्षा अधिकाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. मंडळाला घरची परिस्थिती सांगणं हेच तर त्याचं काम.

म्हणून हजेरी चुकायला लागली की क्रम असा ठेवा. आधी फोन, आणि फोन मुलाला नव्हे तर घरातल्या ज्या माणसाशी तुमचं जमलंय त्याला. मग घरी किंवा कामाच्या ठिकाणाजवळ भेट. कारण प्रवासाचं, पैशांचं किंवा कामाच्या वेळेचं निघालं तर त्याच आठवड्यात मंडळाला लेखी कळवा आणि पर्याय सुचवा: महिन्यातून एकदा मंडळात, बाकी वेळी तालुक्याच्या ठिकाणी किंवा तुमची घरभेट. कारण भीतीचं निघालं, म्हणजे मुलाला वाटतंय की आत गेलो तर ठेवून घेतील, तर पुढच्या वेळी मंडळाच्या दारात तुम्ही स्वतः उभे राहा. मुंबईत आणि आणखी काही ठिकाणी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पाने मंडळांच्या आवारात मदतकक्ष चालवले ते याच गरजेतून: घाबरलेल्या घरच्यांना कुठे बसायचं, आज काय होणार, वकील कोण, हे सांगणारं कोणीतरी हवं असतं.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने दोघांना उडवलं, त्या प्रकरणानंतर तर अटींचा विषय थट्टेवारी गेला. अपघाताच्या दिवशीच जामीन झाला, त्यात ३०० शब्दांचा निबंध, वाहतूक पोलिसांसोबत १५ दिवस काम आणि व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन, असं होतं. दोन जीव गेले होते, लोक संतापले ते साहजिकच. पण माझ्या मते त्या यादीतला निबंध हा सगळ्यात मोठा दोष नव्हता. समुपदेशन, समाजसेवा या गोष्टी कायद्यात आहेतच आणि नीट लावल्या तर उपयोगाच्याही आहेत. घर, पालक, पैसा, दारू यांची चौकशी व्हायच्या आत, काही तासांत अटी ठरल्या की त्या कुणाच्याच अंगाला बसत नाहीत. श्रीमंताघरच्या मुलाला त्या लुटुपुटीच्या वाटतात, गरीबाच्या मुलाला अशक्य. वस्तीत आजही मुलं विचारतात, ‘सर, मला पण निबंध लिहायचा का?’ रागावू नका. त्याच्यासाठी नेमकी अट काय आणि ती का, हे तिथेच बसून सांगा.

घरभेट की छापा?

सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशी, सोबत हवालदार, हातात लाल फितीची फाइल, आणि किराणा दुकानदाराला प्रश्न: ‘तो चोरीच्या केसमधला मुलगा कुठे राहतो?’ एवढ्याने सहा महिन्यांचं काम वाया जातं. मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची मनाई आहे; ती प्रामुख्याने वर्तमानपत्रं, वाहिन्या आणि इतर माध्यमांसाठी, आणि शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गल्लीत बातमी पसरायला माध्यम लागत नाही, तुमची मोठ्याने विचारपूस पुरते.

चालत जा. पोलिसांना बरोबर नेऊ नका. शेजारणीने विचारलंच, तर ‘शाळेच्या कामासाठी आलोय’ अशी थापही मारू नका. ती पुढच्या वेळी अंगावर येते. ‘ताईंना भेटायला आलोय’ एवढं पुरे. घरात गेल्यावर आईसमोर मुलाची आणि मुलासमोर बापाची झाडाझडती घेऊ नका. दोघांशी वेगळं बोला, मग एकत्र बसवा.

मुलगा बोलतच नाही, ही नव्या सहकाऱ्यांची ठरलेली तक्रार. ‘काय चाललंय?’ ‘काही नाही.’ ‘त्रास आहे का कुणाचा?’ ‘नाही.’ मुलगा अडेलतट्टू आहे असं धरून चालू नका. पोलीस, मंडळ, चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते निरीक्षणगृह, तिन्हीकडे त्याला हेच प्रश्न आले आहेत आणि कमी बोललेलं बरं हे तो शिकला आहे. समोरासमोर बसण्यापेक्षा बरोबर चालत दुकानापर्यंत गेलात, त्याच्या आधार कार्डातली चूक दुरुस्त करून दिलीत, की तो आपसूक बोलतो. ही युक्ती वाटेल, पण मुलगा तुमच्याकडून काहीतरी झालेलं बघतो तेव्हाच तोंड उघडतो.

‘साहेब, पुन्हा उचलून नेलं’

परिसरात मोटारसायकल गेली की पहिला फोन याच मुलाच्या घरी. अशा वेळी आई तुम्हाला फोन करते आणि बरेच अधिकारी म्हणतात, ‘पोलिसांच्या कामात मी पडत नाही.’ ही चूक फार महाग पडते. दोनदा असं झालं की मुलगा ठरवतो, सुधारून काय उपयोग.

लगेच ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला (मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या) फोन करा, हवालदाराशी हुज्जत घालू नका. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, ताब्यात घेतलं तर २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं, आणि पालकांबरोबर परिविक्षा अधिकाऱ्यालाही कळवावं लागतं. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार तर घोर (सर्वांत गंभीर प्रकारचा) अपराध किंवा प्रौढांसोबत केलेला गुन्हा नसेल तर एफआयआरही नोंदवायचा नसतो, फक्त दैनंदिनीत नोंद. हे सगळं नम्रपणे, नियमाचं नाव घेऊन सांगा. त्याआधी, कामाला लागल्या लागल्या, ठाण्यात एकदा जाऊन ओळख करून ठेवलेली असेल तर फोनवरचा आवाज वेगळा येतो. आईलाही सांगून ठेवा: मुलाला नेलं तर कोणत्या ठाण्यात, कोणी, किती वाजता, हे लिहून ठेवायचं आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवायचं.

शाळा, काम आणि घाई

‘कामाला लावा, म्हणजे सरळ येईल’ हा सल्ला सगळेच देतात. १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवणं २०१६ च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, त्यामुळे ओळखीच्या कारखानदाराकडे चिकटवण्याआधी काम कसलं ते बघून या. मालकाला मुलाची केस सांगू नका. सांगायचीच वेळ आली, तर मुलाला विचारून.

शाळा परत घेत नाही, तेव्हा मुख्याध्यापकांशी वाद घालण्यात वर्ष घालवू नका. शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि दुसरीकडे पर्याय सुरू ठेवा: शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, फक्त त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. शाळा सोडल्याचा दाखला मात्र आधी हातात घ्या, त्याच्यावाचून सगळं अडतं.

नशेबद्दल थोडक्यात. व्हाइटनर, गांजा, खोकल्याचं औषध, यातलं काही असेल आणि मुलगा एकदा घसरला, तर तो लगेच ‘अटीचा भंग’ म्हणून लिहू नका. कलम १८ मध्ये व्यसनमुक्तीचा कार्यक्रम प्रोबेशनच्या जोडीने देता येतो. घसरला हे त्या उपचारातच धरलेलं असतं. तेच हातात कोयता घेऊन केलेल्या रीलबद्दल. ती काढायला लावा, पण नुसती काढून थांबू नका. मोबाइल कोणाचा, रील कोणी काढली आणि कोयता कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरं बहुधा गल्लीतल्या एखाद्या मोठ्या माणसापाशी जातात. मुलापेक्षा त्याच्यामागचा ‘भाई’ हीच अडचण असेल, तर घर बदलण्याचा किंवा मामाकडे ठेवण्याचा प्रस्ताव मंडळापुढे न्या.

मुदत संपली, फाइल कपाटात

शेवटची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. देखरेख संपली की अंतिम अहवाल जातो आणि मुलाला कोणी काही सांगत नाही. दोन वर्षांनी तो पोलीस भरतीचा किंवा सुरक्षारक्षकाचा अर्ज भरतो, ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का?’ या रकान्याशी अडतो आणि अर्जच फाडून टाकतो.

त्याला मुदत संपतानाच बसवून सांगा. कलम २४ नुसार मंडळाने दोषी ठरवलं तरी त्यामुळे कसलीही अपात्रता चिकटत नाही; प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांना मात्र ही सवलत नाही. नोंदी अपिलाची मुदत किंवा ठरलेला काळ संपल्यावर नष्ट करायच्या असतात. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य पडताळणीत द्यायला कलम ७४ ने पोलिसांनाही मनाई आहे. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवार अल्पवयीन असतानाचा गुन्हा त्याच्या नेमणुकीच्या आड येऊ दिला नाही. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत त्याच्या हातात द्या, घरात कुठे ठेवायची तेही ठरवा, आणि पडताळणीत अडचण आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो हे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं दोन वर्षांनी आठवत नाही.