एनसीसी आणि कॉलेज एकत्र चालवताना या चुका टाळा

ऑफिसर व्हायचं म्हणून एनसीसीत आलेली आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडची पोरं दरवर्षी त्याच त्या चुका करतात. सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट चूक: "आधी कॅम्प, मार्क काय, शेवटच्या वर्षी काढू की!" आमच्या युनिटला खानापूरकडचा एक पोरगा होता. ड्रिलला देखणा, आवाज असा की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. एकही कॅम्प सोडला नाही. पण पहिल्या दोन वर्षांत इंटर्नल बुडवले, विषय राहिले, ते कसेबसे सुटले. तिसऱ्या वर्षी मान मोडून अभ्यास केला, 60 टक्क्यांच्या वर गेला. एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेला, म्हणजे 'सी' सर्टिफिकेटला, 'ए' ग्रेड. मग 'सी' सर्टिफिकेटवाल्यांना सैन्यात ऑफिसर व्हायची जी वेगळी वाट आहे, त्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीचा फॉर्म भरायला बसला तर एकूण टक्के भरले 48. तिथं सगळ्या वर्षांचे मिळून 50 लागतात. लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे ऑफिसर निवडायच्या मुलाखतीला, जायची वाट बंद झाली. सीडीएसला, म्हणजे ऑफिसर भरतीच्या लेखी परीक्षेला, टक्क्यांची अट नाही, नुसती पदवी चालते, म्हणून आता तो गणित घोकत बसलाय.

कॅम्पचं पत्र आलं की मी त्याच दिवशी झेरॉक्स काढून प्रत्येक विषयाच्या सरांच्या हातात द्यायचो, इंटर्नलची पुढची तारीख तिथंच मागून घ्यायचो. "एनसीसीचे सर बोलतील की प्रिन्सिपलशी" म्हणत बसलेल्यांचं काम कधीच होत नाही. कॅम्पला एकच पुस्तक न्यायचं, ज्या विषयाची धडकी भरते त्याचं. आणि सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला परेडलाही 75 टक्के हजेरी लागते, हे त्या परीक्षेच्या तोंडावर कळून उपयोग नाही.

दुसरी चूक खास आपल्याकडची. भावकीत कुणीतरी मराठा लाइट इन्फंट्रीत असतोच. ऑफिसर व्हायचं म्हटलं की आजोबा सांगतात, "पळायला लाग." पोरगं पहाटे चारला उठून 1600 मीटर मारतं आणि दहाच्या लेक्चरला बाकावर झोपतं. अहो, ती जवानांच्या भरतीची तयारी! एसएसबीत धावण्याची शर्यतच नाही. पहिल्याच दिवशी धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहून घेतात, मग ती गटासमोर सांगून चर्चा करायची असते. तिथं आपले धावपटू मुके होतात. अंग हलतं राहील इतकं पळा, पण कॉलेजच्या सेमिनारला पहिलं नाव तुमचं हवं. फुकटचा सराव सोडून क्रॅश कोर्सला पैसे भरणाऱ्यांना काय म्हणावं! तिथून पाठ केलेल्या गोष्टीत सगळेच नायक बुडणाऱ्या मुलाला वाचवतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

नवे बूट कॅम्पच्या आदल्या दिवशी घालू नका, फोड येतात.

गुडघे एकमेकांना लागतात का, रंग नीट ओळखता येतात का, हे पहिल्याच वर्षी डॉक्टरांना दाखवा, नाहीतर शेवटी मेडिकलला अडकाल.

दहावीच्या मार्क्स कार्डवर नुसती इनिशियल्स आणि आधारवर वडिलांचं नाव, आडनाव सगळं, असा घोळ आपल्याकडे बऱ्याच जणांचा असतो. तो पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच मिटवा. कॉल लेटर हातात आल्यावर ऑफिसांच्या चकरा मारायला वेळ मिळत नाही, त्यात नेमकी सेमिस्टरची परीक्षाही तेव्हाच येते.