तिसऱ्या दिवशीची डोकेदुखी

भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पाठीत भूल (स्पायनल) द्यायची माझी लाडकी सुई म्हणजे २३ गेजची, धारदार टोकाची क्विंकी. गेजचा आकडा मोठा, तितकी सुई बारीक. वाकत नाही, मणक्यातलं पाणी चटकन दिसतं, सर्जनची कटकट नाही. मग सीझर झालेली एक बाई तिसऱ्या दिवशी बाळाला पाजायला बसली आणि डोकं धरून आडवी झाली. वॉर्डातून फोन आला, तेव्हा मी "भरपूर पाणी द्या, झोपून राहू दे" एवढंच सांगितलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर आडवी असताना ठीक, बसली की मानेपासून कपाळापर्यंत ठणका. सासूबाईंनी विचारलं, "पाठीत सुई दिली त्यानंच ना, डॉक्टरबाई?" हो म्हणताना जीभ जड झाली.

ड्युराच्या, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या, भोकातून सीएसएफ, म्हणजे तेच मणक्यातलं पाणी, झिरपतं आणि डोकं दुखतं, हे पाठ होतं. पण भोक मी पाडते, हे त्या दिवशी कळलं. तरुण, त्यातही गरोदर बायकांना हा त्रास जास्त. क्विंकीची धार ड्युराचे तंतू कापते; १९५१ ची व्हिटाकर किंवा नंतरची स्प्रोट, या पेन्सिलसारख्या टोकाच्या (पेन्सिल पॉइंट) सुया, ते बाजूला सारतात. कमरेतून पाणी काढलेले रुग्णही धरून केलेल्या २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात धारदार सुयांनी ११ टक्के, पेन्सिल पॉइंटनी ४.२ टक्के रुग्णांचं डोकं दुखलं.

म्हणून सीझरला २५ किंवा २७ ची पेन्सिल पॉइंट मागा. स्टोअरवाला महाग म्हणून कुरकुरेल, कुरकुरू दे. हात बसायला मात्र वेळ लागतो. इंट्रोड्यूसर (बारीक सुईला वाट करून देणारी जाड, आखूड सुई) लागतोच, आणि सडपातळ बाईत तो खोल गेला तर तोच ड्युरा फाडेल. बारीक सुईत पाणी सावकाश येतं. स्टायलेट (सुईच्या आतली तार) काढून थांबा, लगेच सुई पुढे ढकलू नका. हिचं छिद्र टोकाला नसून बाजूला असतं. ते अर्धवट आत असलं तर पाणी दिसतं, पण औषध निम्मं बाहेर सांडतं आणि भूल अपुरी पडते. यात माझे दोन ब्लॉक फसले. क्विंकीच हाती असेल तर निदान बारीक घ्या, धारेचं तोंड कुशीकडे ठेवा.

१८९८ मध्ये जर्मन सर्जन ऑगस्ट बिअरने स्वतःवर स्पायनलचा प्रयोग करून घेतला, तेव्हा सिरिंज सुईला बसेना, पाणी वाहून गेलं. पुढे नऊ दिवस तो याच डोकेदुखीनं अंथरुणात होता.

सक्तीने झोपवून ही डोकेदुखी टळत नाही. बीपी वाढलेलं, झटके आलेले किंवा आडवं होऊनही दुखणं थांबत नसेल, तर स्पायनलवर ढकलून मोकळे होऊ नका, सीनियरला बोलवा. आमच्या बाईला वेदनाशामक आणि कॉफीनं भागलं नाही. पाचव्या दिवशी सरांनी भोक बुजवायला तिचंच १५ मिली रक्त एपिड्युरलमध्ये, म्हणजे ड्युराच्या बाहेरच्या जागेत, सोडलं. तासाभरानं ती बसून बाळाला पाजत होती. सासूबाई माझ्याशी मात्र डिस्चार्जपर्यंत बोलल्या नाहीत.